यामिकी, अभिजात : मूलतत्त्वांचा इतिहास

वस्तूंची गती, तीत होणारे बदल आणि ते बदल घडवून आणणाऱ्या प्रेरणा यांचा अभ्यास करणाऱ्या भौतिकीच्या शाखेस यामिकी असे म्हणतात. प्रकाशाच्या वेगाच्या मानाने पुष्कळच कमी वेगाने जाणाऱ्या व अणूच्या मानाने पुष्कळच मोठ्या असलेल्या वस्तूंना जी यामिकी लागू पडते, तिला अभिजात यामिकी ही संज्ञा आहे. तिचा पाया तीन नियमांवर उभारलेला आहे. (१) बाह्य प्रेरणा लावलेली नसल्यास स्थिर वस्तू स्थिरच राहते व गतिमान वस्तू सरळ रेषेत एकसमान वेगाने जात राहते. (२) वस्तूच्या संवेगात (द्रव्यमान व वेग यांच्या गुणाकारात) होणाऱ्या बदलाची त्वरा लावलेल्या प्रेरणेच्या प्रमाणात व तिच्याच दिशेने असते. (३) प्रत्येक क्रियेस तितकीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. वस्तूने आपली स्थिर अथवा गतिमान अवस्था आपण होऊन न बदलण्याच्या गुणधर्मास निरूढी (जडत्व) म्हणतात.

शालेय पाठ्यपुस्तकात हे नियम अर्ध्या पानात मावतात. परंतु ते निश्चित होण्यास ॲरिस्टॉटल यांच्यापासून न्यूटन यांच्यापर्यंत सु. दोन हजार वर्षे लागली. या विलंबाचे कारण बुद्धिमत्तेचा अभाव हे नव्हे. नित्याचा अनुभव या नियमांच्या विरुद्ध साक्ष देतो, हे त्याचे खरे कारण होय. बैल थांबले की गाडी थांबते, वल्ही उचलली की नाव मंदावते. यावरून गती टिकण्यासाठी तिला सतत कोणीतरी चालना दिली पाहिजे, असेच कोणासही वाटेल. घर्षण हा गतीच्या स्वरूपाचा भाग नसून बाहेरून येणारा अडथळा आहे, हे ओळखल्यावाचून पहिला नियम सुचणे शक्य नव्हते. गतीचे कारण शोधावयाचे की गतीत होणाऱ्या बदलाचे, हा प्रश्न यामिकीच्या इतिहासाच्या मध्यभागी आहे.

ग्रीक विचार : ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी गतीचे नैसर्गिक व सक्तीची असे दोन प्रकार मानले. जड पदार्थ विश्वाच्या मध्याकडे जातात व अग्नी वर जातो, ही नैसर्गिक गती. तर ढकललेल्या अथवा फेकलेल्या वस्तूची गती सक्तीची. सक्तीच्या गतीस चालक हवा व तो वस्तूच्या सान्निध्यात असला पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत होता. हातातून सुटलेला दगड पुढे का जातो, ही त्यातील अडचण त्यांच्याही लक्षात आली होती. हवाच त्या दगडास पुढे नेते, असे उत्तर त्यांनी दिले. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वजनाच्या प्रमाणात अधिक वेगाने पडते, असेही ते मानीत. आकाशातील गोलांची वर्तुळाकार गती त्यांनी निराळ्या वर्गात घातल्यामुळे पृथ्वीवरील व आकाशातील गतींचे नियमच वेगळे ठरले.

स्थिर वस्तूंच्या अभ्यासात मात्र ग्रीकांनी टिकाऊ काम केले. आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) यांनी तरफेचा नियम भूमितीच्या पद्धतीने सिद्ध केला आणि तरंगणाऱ्या वस्तूंविषयीचे तत्त्व मांडले. समतोलाच्या या अभ्यासास पुढे स्थितिकी असे नाव मिळाले. गतीचा अभ्यास करणारी गतिकी ही शाखा त्यानंतर बऱ्याच उशिरा उदयास आली.

भारतीय विचार : वैशेषिक दर्शनात कर्माचे (गतीचे) उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण व गमन असे पाच प्रकार सांगितले आहेत. वस्तू खाली पडण्याचे कारण म्हणून ‘गुरुत्व’ हा गुण मानलेला आहे. प्रशस्तपाद यांच्या भाष्यात ‘संस्कार’ या गुणाचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार येतात. धनुष्यातून सुटलेला बाण दोरीचा संपर्क तुटल्यावरही पुढे जातो, तो त्याच्यात उत्पन्न झालेल्या वेगसंस्कारामुळे, असे स्पष्टीकरण या दर्शनात दिले आहे. हे स्पष्टीकरण ॲरिस्टॉटल यांच्या हवेच्या कल्पनेपेक्षा निराळे असून मध्ययुगीन यूरोपातील विचाराशी त्याचे साम्य दिसते. गुरुत्व व स्थितिस्थापक या दोन्ही संज्ञा आजच्या मराठी शास्त्रीय परिभाषेतही उतरल्या आहेत.

भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणशक्ती असल्याचे म्हटले आहे. तसेच ग्रहाच्या गतीची चर्चा करताना तात्कालिक गतीची, म्हणजे विशिष्ट क्षणीच्या गतीची, कल्पना वापरली आहे. तथापि या विचारांतून पडणाऱ्या वस्तूचे मापन व प्रेरणेचा गणिती नियम असा मार्ग पुढे निघाला नाही. त्यांच्याकडे न्यूटन यांच्या सिद्धांताचे पूर्वरूप म्हणून पाहणे इतिहासास धरून होणार नाही. गतीच्या प्रश्नाचा स्वतंत्रपणे केलेला विचार म्हणून त्यांचे महत्त्व आहे.

मध्ययुगीन विचार : ॲलेक्झांड्रियाचे जॉन फिलोपोनस यांनी सहाव्या शतकात ॲरिस्टॉटल यांच्या मतावर कठोर टीका केली. वजनात मोठा फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या, तर त्यांच्या पडण्याच्या काळांत अगदी थोडा फरक पडतो, असे त्यांनी नमूद केले. फेकणारा हात वस्तूत एक प्रकारची चालना भरतो, असे त्यांचे मत होते. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी ही कल्पना पुढे नेली व पोकळीत अशी चालना आपोआप क्षीण होणार नाही, असे प्रतिपादिले. पॅरिसमधील झां ब्यूरीदां (सु. १३००–६०) यांनी या चालनेस ‘इंपीटस’ हे नाव देऊन ती द्रव्याची राशी व वेग यांवर अवलंबून असते, असे सांगितले. ग्रहगोलांना एकदा दिलेला इंपीटस रोधाच्या अभावी टिकून राहील, असेही त्यांनी सुचविले.

ही राशी संवेगासारखी दिसत असली, तरी दोहोंत मूलभूत फरक आहे. इंपीटस हे गती चालू राहण्याचे कारण मानले जाई. आधुनिक यामिकीत एकसमान गतीस कारणच लागत नाही. याच काळात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधील विद्वानांनी एकसमान वाढणाऱ्या वेगाचा नियम शोधून काढला : अशा गतीत काटलेले अंतर हे मध्यम वेगाने तितक्याच काळात काटलेल्या अंतराइतके असते. नीकॉल ऑरेम (सु. १३२०–८२) यांनी त्याची आकृतीच्या साहाय्याने सिद्धता दिली. मात्र हा नियम खरोखर पडणाऱ्या दगडास लागू पडतो की नाही, हे या विद्वानांनी तपासून पाहिले नाही.

गॅलिलीओ यांचे कार्य : डच अभियंते सिमॉन स्टेव्हीन (१५४८–१६२०) यांनी १५८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रयोग वर्णिला आहे. एकमेकींच्या दसपट वजनाच्या शिशाच्या दोन गोळ्या सु. ३० फूट उंचीवरून फळीवर सोडल्या असता त्यांच्या पडण्याचा आवाज एकदमच ऐकू आला. पीसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गॅलिलीओ यांनी असाच प्रयोग केल्याची प्रसिद्ध कथा त्यांचे शिष्य व्हीव्ह्यानी यांनी लिहिलेल्या चरित्रात येते. गॅलिलीओ यांच्या स्वतःच्या लेखनात तिला आधार मिळत नाही.

गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांची खरी कामगिरी सरळ खाली पडण्याची गती मंद करून मोजण्यात आहे. त्यांनी लाकडी फळीत गुळगुळीत खाच पाडून तीवरून काशाची (ब्राँझची) गोळी घरंगळत सोडली आणि भांड्यातून बारीक धारेने पडणाऱ्या पाण्याचे वजन करून काळ मोजला. फळीचा उतार बदलून हे प्रयोग त्यांनी अनेक वेळा केले. समान कालखंडांत काटलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, म्हणजेच एकूण अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळले. पडणाऱ्या वस्तूचा वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे ते १६०४ च्या सुमारास मानीत होते. पुढे त्यांनी ते मत टाकून वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, असे निश्चित केले. पहिल्या कल्पनेतून काळाच्या वर्गाचा नियम निघत नाही, दुसरीतून निघतो.

एका उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ मूळ उंचीइतकी चढते. चढ जितका सौम्य, तितकी ती दूर जाते. चढ मुळीच नसेल, तर ती थांबण्यास कारण उरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यातूनच प्रक्षेपित वस्तूची गती म्हणजे एकसमान आडवी गती व प्रवेगी (वेग वाढत जाणारी) उभी गती यांचा संयोग असून तिचा मार्ग अन्वस्त असतो, हे सिद्ध झाले. मात्र त्यांच्या दृष्टीने ‘आडवी’ गती म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठाशी समांतर, अर्थात अखेरीस वर्तुळाकार गती होती. त्यामुळे आजच्या स्वरूपातील निरूढीचा नियम त्यांनी मांडला असे म्हणता येत नाही.

या संशोधनामागे मोठा वाद होता. पृथ्वी फिरत असेल, तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड मागे का पडत नाही, हा कोपर्निकस यांच्या मताविरुद्धचा प्रमुख आक्षेप होता. स्थिर वेगाने जाणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत थेंब सरळ खालीच पडतात व फुलपाखरे सर्व दिशांना सारख्याच सहजतेने उडतात. खोलीतील कोणत्याही प्रयोगाने जहाजाची गती ओळखता येत नाही, असे उत्तर गॅलिलीओ यांनी १६३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादात्मक ग्रंथात दिले. सापेक्षतेचे हे पहिले स्पष्ट विवेचन होय. या ग्रंथाबद्दल १६३३ मध्ये रोम येथे त्यांच्यावर धर्मन्यायालयात खटला चालला, त्यांना आपले मत सोडण्याची शपथ घ्यावी लागली व उर्वरित आयुष्य नजरकैदेत काढावे लागले. गतीविषयीचा त्यांचा मुख्य ग्रंथ या कैदेतच पूर्ण झाला व १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला.

सरळ रेषेतील निरूढी व आघात : निरूढीची गती वर्तुळाकार नसून सरळ रेषेतील असते, हे रने देकार्त (१५९६–१६५०) यांनी १६४४ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे सांगितले. विश्वातील गतीची एकूण राशी कायम राहते, असेही त्यांनी प्रतिपादिले. परंतु ही राशी काढताना त्यांनी वेगाची दिशा विचारात घेतली नाही. त्यामुळे वस्तूंच्या टकरींविषयीचे त्यांचे नियम बहुतांशी चुकीचे ठरले. उदा., लहान वस्तू मोठ्या स्थिर वस्तूवर कितीही वेगाने आदळली, तरी मोठी वस्तू हलणार नाही, असा त्यांचा एक नियम होता.

लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विनंतीवरून १६६८–६९ मध्ये जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन व क्रिस्त्यान हायगेन्झ (१६२९–९५) यांनी आघाताचे नियम सादर केले. हायगेन्झ यांनी सापेक्ष गतीचा युक्तिवाद वापरला : किनाऱ्यावरील व चालत्या नावेतील निरीक्षकांना एकच टक्कर निरनिराळी दिसत असली, तरी दोघांचे नियम एकच असले पाहिजेत. यातून दिशेसह घेतलेला एकूण संवेग कायम राहतो आणि स्थितिस्थापक टकरीत द्रव्यमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीजही कायम राहते, असे निष्पन्न झाले. लंबकाच्या घड्याळाचा शोध (१६५६) व वर्तुळाकार गतीतील केंद्रोत्सारी परिणामाचे गणित हेही त्यांचेच.

न्यूटन यांचे कार्य : योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी १६०९ व १६१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तीन नियमांमुळे ग्रहांच्या विवृत्ताकार (लंबवर्तुळाकार) कक्षा ज्ञात झाल्या होत्या, त्या तशा का असतात, हे मात्र अज्ञात होते. रॉबर्ट हुक यांनी १६७९ मध्ये आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांना लिहिलेल्या पत्रात ग्रहाची गती ही स्पर्शरेषेतील सरळ गती व मध्यवर्ती वस्तूचे आकर्षण यांच्या संयोगाने होते, अशी दृष्टी मांडली. ऑगस्ट १६८४ मध्ये एडमंड हॅली यांनी केंब्रिज येथे न्यूटन यांची भेट घेऊन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातील आकर्षणामुळे ग्रहाची कक्षा कशी होईल, असे विचारले. ती विवृत्त असेल, असे न्यूटन यांनी सांगितले. त्याची सिद्धता लिहून काढण्याच्या प्रयत्नातून प्रिन्सिपिया हा ग्रंथ तयार झाला व १६८७ मध्ये लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाला. माशांवरील एका ग्रंथाच्या छपाईमुळे रॉयल सोसायटीची तिजोरी रिकामी झालेली असल्याने छपाईचा खर्च हॅली यांनी स्वतः सोसला. हुक यांनी आपल्या श्रेयाचा दावा केल्याने संतप्त झालेल्या न्यूटन यांनी ग्रंथाचा तिसरा भाग मागे घेण्याची भाषा केली होती. त्यांची समजूतही हॅली यांनीच घातली.

या ग्रंथाच्या आरंभी तीन नियम दिलेले आहेत. गतीचे कारण शोधण्याऐवजी गतीतील बदलाचे कारण शोधावयाचे, हे पहिल्या नियमाने ठरविले. त्या बदलाचे माप दुसऱ्याने दिले. प्रेरणा ही एकट्या वस्तूची नसून दोन वस्तूंमधील परस्परक्रिया आहे, हे तिसऱ्याने सांगितले. द्रव्यमान व वजन यांत न्यूटन यांनी भेद केला आणि त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण प्रयोगाने तपासले. त्यासाठी त्यांनी सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी व गहू हे पदार्थ सारख्याच पेट्यांत भरून त्यांचे लंबक केले. सर्वांचे आंदोलन एकाच लयीत होत राहिले. फरक असल्यास तो एक हजारांशापेक्षा कमी असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पृथ्वी व आकाश यांतील भेद मोडून काढणारे गणित साधे आहे. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सु. ६० पट आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर चंद्राजवळ ते पृथ्वीपृष्ठावरील आकर्षणाच्या ३,६०० वा भाग असले पाहिजे. पडण्याचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे पृथ्वीवर दगड एका सेकंदात जितका पडतो, तितकाच चंद्र एका मिनिटात सरळ मार्गापासून पृथ्वीकडे ‘पडला’ पाहिजे. दोन्ही अंतरे सु. ४·९ मी. येतात. फळ पडण्याचा व चंद्र फिरण्याचा नियम एकच ठरला.

ग्रंथातील दोन गोष्टी वादग्रस्त राहिल्या. आकर्षण रिकाम्या अवकाशातून कसे पोहोचते, याचे उत्तर न्यूटन यांनी दिले नाही. त्यामुळे यूरोप खंडातील अनेक विद्वानांनी ते गूढवादी ठरविले. दुसरी गोष्ट म्हणजे निरपेक्ष अवकाशाची कल्पना. दोरीला टांगलेली पाण्याची बादली गरगर फिरविली असता पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो, तो निरपेक्ष अवकाशातील भ्रमणामुळे, असे न्यूटन म्हणत. लायप्निट्स यांनी १७१५–१६ मध्ये सॅम्युएल क्लार्क यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात आणि एर्न्स्ट माख यांनी १८८३ मध्ये या कल्पनेवर टीका केली.

‘सजीव प्रेरणे’चा वाद : गतिमान वस्तूच्या ठायी असलेल्या सामर्थ्याचे माप कोणते, यावर सु. अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालला. देकार्त यांच्या अनुयायांच्या मते ते द्रव्यमान × वेग हे होते. गोटफ्रीट लायप्निट्स (१६४६–१७१६) यांनी १६८६ मध्ये ते द्रव्यमान × (वेग)² असे सांगितले व पुढे त्यास ‘सजीव प्रेरणा’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. त्यांचा युक्तिवाद असा : १ एकक वजनाची वस्तू ४ एकके उंच उचलण्यास लागणारे श्रम ४ एकके वजनाची वस्तू १ एकक उंच उचलण्याइतकेच असतात. या वस्तू परत खाली पडल्यावर त्यांचे वेग २ : १ या प्रमाणात असतात. द्रव्यमान × वेग घेतल्यास त्यांची मापे २ व ४ अशी असमान येतात. वेगाचा वर्ग घेतल्यास दोन्ही ४ येतात.

डच भौतिकीविज्ञ स्ख्राव्हेसांडे यांनी १७२२ मध्ये मऊ मातीवर धातूचे गोळे सोडून पाहिले. वेग दुप्पट असता खळगा चौपट होतो, असे आढळल्याने त्यांनी आपले पूर्वीचे मत बदलून लायप्निट्स यांचा पक्ष स्वीकारला. एमिली द्यू शातले (१७०६–४९) यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात फ्रान्समध्ये या पक्षाचे समर्थन केले. प्रिन्सिपियाचे फ्रेंच भाषांतर हेही त्यांचेच. ते पूर्ण करून लवकरच प्रसूतीनंतर त्यांचे निधन झाले व संपूर्ण भाषांतर १७५९ मध्ये प्रकाशित झाले. हा वाद शब्दांचा आहे, असे झां दालांबेर यांनी १७४३ मध्ये म्हटले. प्रेरणा किती काळ लावली हे पाहिले, तर संवेग मिळतो. ती किती अंतरापर्यंत लावली हे पाहिले, तर वेगाच्या वर्गावर अवलंबून असणारी राशी मिळते. दोन्ही पक्ष दोन निरनिराळ्या खऱ्या राशींविषयी बोलत होते.

नियमांच्या कसोट्या : न्यूटन यांच्या सिद्धांताचा स्वीकार केवळ तर्काने झाला नाही. झां रीशे यांनी १६७२ मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे नेलेले लंबकाचे घड्याळ दररोज सु. अडीच मिनिटे मागे पडू लागले होते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर व ध्रुवांपाशी चपटी असल्याने तेथे गुरुत्व कमी आहे, असे न्यूटन यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. फ्रान्समधील मोजणीवरून मात्र पृथ्वी ध्रुवांकडे लांबट असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला होता. हा वाद मिटविण्यासाठी फ्रेंच अकादमीने १७३५–३६ मध्ये पेरू व लॅपलँड येथे मोहिमा पाठविल्या आणि त्यांच्या मोजमापांनी पृथ्वी चपटी असल्याचे सिद्ध केले.

खरा कसोटीचा क्षण १७४७ मध्ये आला. चंद्राच्या कक्षेचा दीर्घ अक्ष हळूहळू फिरतो. त्याची गणिताने येणारी गती निरीक्षणाच्या निम्मीच भरत होती. ऑयलर, दालांबेर व क्लेरो या तिघांनाही हीच अडचण आली. वर्गव्यस्ताच्या नियमात आणखी एक पद घालावे, असे आलेक्सी क्लेरो (१७१३–६५) यांनी जाहीरपणे सुचविले. १७४९ मध्ये त्यांनीच पूर्वी सोडून दिलेली सूक्ष्म पदे हिशेबात घेतली, तेव्हा मूळ नियमानेच निरीक्षणाशी जुळणारे उत्तर आले. पुढे त्यांनी लालांद व नीकॉल-रेन लपोत यांच्या साहाय्याने हॅली धूमकेतूवरील गुरू व शनी यांच्या आकर्षणाचे प्रदीर्घ गणित करून तो एप्रिल १७५९ च्या मध्यास सूर्याच्या सर्वांत निकट येईल, असे भाकीत केले व एक महिन्याची चूक संभवते असेही सांगितले. धूमकेतू १३ मार्च रोजी त्या स्थानी आला.

हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये पिळाच्या तराजूने शिशाच्या गोळ्यांमधील आकर्षण मोजून पृथ्वीची घनता पाण्याच्या सु. ५·५ पट असल्याचे दाखविले. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून यूर्बँ ल्व्हेर्ये व जॉन कूच ॲडम्स यांनी स्वतंत्रपणे एका अज्ञात ग्रहाचे स्थान काढले. ल्व्हेर्ये यांच्या गणितानुसार २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन येथे योहान गाले यांनी शोध घेतला असता नेपच्यून अपेक्षित स्थानापासून एक अंशाच्या आत सापडला.

वैश्लेषिक यामिकी : न्यूटन यांच्या ग्रंथात ‘प्रेरणा = द्रव्यमान × प्रवेग’ हे सूत्र त्या रूपात आढळत नाही; त्यांची मांडणी भूमितीची आहे. कलनशास्त्राच्या भाषेत यामिकी लिहिण्याचे श्रेय मुख्यतः लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांना जाते. द्रव्याच्या प्रत्येक कणास तीन परस्परलंब दिशांत हे समीकरण लागू करण्याची पद्धत त्यांनी १७५० मध्ये सर्वसामान्य तत्त्व म्हणून मांडली आणि दृढ वस्तूंच्या भ्रमणाची समीकरणे दिली. झोझेफ लाग्रांझ (१७३६–१८१३) यांच्या १७८८ च्या ग्रंथात एकही आकृती नाही. ऊर्जेवर आधारलेल्या राशींवरून कोणत्याही प्रणालीची समीकरणे लिहिण्याची एकच रीत त्यात दिलेली आहे. विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८३४–३५ मध्ये तिला आणखी व्यापक रूप दिले.

याच सुमारास जुन्या वादाचाही शेवट झाला. टॉमस यंग यांनी १८०७ मध्ये ‘ऊर्जा’ ही संज्ञा वापरली. गास्पार कोरिओलिस यांनी १८२९ मध्ये ‘कार्य’ या राशीची व्याख्या करून सजीव प्रेरणेच्या निम्मी राशी वापरावी असे सुचविले. तीच आजची गतिज ऊर्जा होय. मायर, जूल व हेल्महोल्ट्स यांच्या १८४२ ते १८५० या काळातील कार्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व प्रस्थापित झाले व घर्षणात नाहीशी झालेली वाटणारी गती उष्णतेच्या रूपाने शिल्लक राहते, हे कळून आले. संवेग, कोनीय संवेग व ऊर्जा यांची अक्षय्यता ही अवकाश व काळ यांच्या सममितीचा परिणाम आहे, असे एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये सिद्ध केले.

मर्यादा : पीएर लाप्लास (१७४९–१८२७) यांनी १८१४ मध्ये असे मत मांडले होते की, विश्वातील सर्व वस्तूंची स्थाने, वेग व प्रेरणा ज्ञात असणाऱ्या बुद्धीला भूत व भविष्य सारखेच स्पष्ट दिसेल. या विश्वासास यामिकीच्या आतूनच पहिला धक्का बसला. आंरी प्वँकारे यांना तीन वस्तूंच्या परस्पर आकर्षणाच्या प्रश्नावरील निबंधासाठी १८८९ मध्ये स्वीडनच्या राजाचे पारितोषिक मिळाले. छपाईच्या वेळी त्यात गंभीर दोष असल्याचे उघडकीस आले. तो दुरुस्त करून १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आरंभीच्या अत्यल्प फरकातून अतिशय गुंतागुंतीची गती उद्‌भवू शकते, हे दिसून आले. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये वातावरणाच्या एका सोप्या प्रतिकृतीत हेच दाखविले. समीकरणे निश्चित असली, तरी दीर्घकालीन भाकीत नेहमीच शक्य नसते.

दुसरा धक्का निरीक्षणांनी दिला. बुधाच्या कक्षेचा अक्ष गणितापेक्षा थोडा अधिक फिरतो, असे ल्व्हेर्ये यांनी १८५९ मध्ये दाखविले. हा फरक शंभर वर्षांत सु. ४३ विकला इतका आहे. नेपच्यूनच्या यशामुळे येथेही अज्ञात ग्रहाचा शोध घेण्यात आला. पण असा ग्रह नव्हता. आल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांच्या १९१५ मधील व्यापक सापेक्षता सिद्धांताने हा फरक तंतोतंत मिळाला. त्यांच्याच १९०५ मधील विशिष्ट सापेक्षता सिद्धांताने निरपेक्ष काळ नाहीसा केला, तर १९२५–२६ मध्ये उदयास आलेल्या पुंजयामिकीने अणूंच्या क्षेत्रात अभिजात यामिकीची जागा घेतली. तथापि नित्याच्या वेगांना यामुळे पडणारा फरक नगण्य असतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सु. ३० किमी. वेगाने फिरते, त्या वेगालाही विशिष्ट सापेक्षतेची दुरुस्ती अब्जात सु. पाच भाग एवढीच येते. पूल, यंत्रे, जहाजे व विमाने यांची गणिते आजही अभिजात यामिकीनेच केली जातात.

अपोलो–१५ मधील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा व पीस एकदम सोडून ती बरोबरच पडतात, हे दाखविले. भारताचे मंगळयान १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीची कक्षा सोडून निघाले व २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. मार्गातील किरकोळ दुरुस्त्या सोडल्यास त्याचे इंजिन या सु. दहा महिन्यांत बंदच होते. निरूढी व सूर्याचे आकर्षण यांनीच ते तेथवर नेले.

गतीविषयीची जुनी समजूत मात्र नष्ट झालेली नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत असे आढळले की, वर फेकलेल्या नाण्यावर ते वर जात असताना हाताने दिलेली ऊर्ध्वगामी प्रेरणा कार्य करीत असते, असे उत्तर अनेकजण देतात. यामिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेलेही याला अपवाद नव्हते. हे उत्तर ब्यूरीदां यांच्या इंपीटससारखेच आहे. हात सुटल्यानंतर नाण्यावर गुरुत्व व हवेचा अल्पसा रोध यांखेरीज अन्य प्रेरणा नसते, हे सूत्र पाठ करून नव्हे, तर गतीस कारण लागत नाही हे मनोमन पटल्यावरच समजते. यामिकीच्या अध्यापनात तिच्या इतिहासास स्थान देण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.